गोधडीचा मांडव

३ फेब्रुवारी २०१२, शुक्रवार

शाळेतून घरी आले तर दारात थर्माकोलचा ढीग! हॉलमध्ये शोकेसच्या जागी कॉम्प्युटर, दोन काळे स्पीकर, पियानोच्या पट्ट्यांचा एक कीबोर्ड — आणि त्यांच्या मधोमध आमचे बळीराम पाटील, सत्यनारायणाच्या पूजेला बसावं तसे मांडी घालून. शोकेस कुठे गेली? तर गॅलरीत. माझ्या आदर्श शिक्षिकेच्या ढालीसकट!

ह्यांनी दिवाळीत यार्डातून रिटायरमेंट घेतली. न्हावा शेव्याला उभी हयात लोडर हाकला — कंटेनर उचल, कंटेनर ठेव. मला वाटलं, आता भाजी आणतील, झाडांना पाणी घालतील, दुपारी झोपतील. कसलं काय! म्हणे घरच्या घरी गाणी बनवणार. ढोलकी, बेंजो, सनई, सगळं कॉम्प्युटरच्या आतच असतं. माणसं लागतच नाहीत. भजनात पेटी वाजवतात हे खरं, पण बुवा काळी चार सोडून दुसऱ्या पट्टीत गेला की पेटी बंद करून टाळ घेतात, हेही तितकंच खरं.

आणि मुहूर्त तरी काय धरावा! समृद्धीचं लग्न मे महिन्यात. मांडववाला ठरलेला नाही, आहेराच्या साड्या आणलेल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, आधी पोरीचं लग्न उरकू या. उत्तर नाही. पाठ माझ्याकडे. पुन्हा म्हटलं. पाठ माझ्याकडेच. तेवढ्यात पार कोपऱ्यावरून ह्यांच्या दोस्ताने, काळूरामभावजींनी, हाक मारली — एका हाकेत उठले! बायकोच्या आवाजाचीच ॲलर्जी आहे ह्या माणसाला.

५ फेब्रुवारी

तर आतली गोष्ट अशी आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही कोन गावाला काळूरामभावजींच्या पुतणीच्या हळदीला गेलो होतो. तिथली हळद म्हणजे काय, दारात डीजेच्या डब्यांची भिंत, पोरांच्या गळ्यात गुरांच्या दाव्याएवढ्या सोन्याच्या चेनी आणि नवरीपेक्षा तिच्या काकाचा बॅनर मोठा. कोपऱ्यात सखूबाई धवलारीण लग्नातली गाणी, आमचे धवले, म्हणत होती. म्हणत असावी. तोंड हलत होतं.

आज जेवताना ह्यांनी विषय काढला. "बघलास ना? सखूबायचा तोंड हालतं तेवरा. डीजेपुरं तिचा कोन आयकतं? आपले समृद्धीचे हलदीला मी धवलाच डीजेवर लावनार. तुजे आवाजान."

मी हसले. ताटात भात वाढत राहिले. पण हातातला डाव थोडा थांबला, हे वहीला सांगायला हरकत नाही.

माझी आई धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात तिचा मान मोठा. तिने धवला उचलल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. मला तिचे सगळे धवले पाठ आहेत. पण मी पडले डी.एड. झालेली बाई. शाळेतल्या जोशीबाई, कुलकर्णीबाई काय म्हणतील म्हणून कधी चारचौघांत तोंड उघडलं नाही. आई गेली, तिच्याबरोबर तिची चालही गेली असंच सगळे धरून चाललेत.

मला म्हणायचंय. आईचा धवला सगळ्या गावासमोर माझ्या लेकीच्या हळदीला वाजला पाहिजे, आणि नीट वाजला पाहिजे. आता ज्या माणसाच्या हातात हे काम आहे त्याला मिक्सर म्हटलं की चटणी आठवते. असो!

१२ फेब्रुवारी, रविवार

संगीतकारांचं शिक्षण सुरू आहे. गुरू इंटरनेटवरचा कुणी गोरा पोरगा. तो इंग्रजीत फाडफाड बोलतो, हे माना डोलावतात. मी विचारलं, काय म्हणाला तो? "बोलतं, प्रॅक्टिस कर." एवढं बोलायला त्याला अर्धा तास लागला!

दिवसभर टिक-टिक-टिक-टिक. तालात राहण्यासाठी असते म्हणे ती. मी पोळ्या त्या तालात लाटायला लागले. समृद्धी म्हणाली, आई, तू सुधारतेयस, बाबा नाही.

१४ फेब्रुवारी

लाइट गेली. गाणं गेलं. सेव्ह केलं नव्हतं. संगीतकार जेवले नाहीत.

२० फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास माझा, पण चेहरा ह्यांचा उतरलेला.

पहिली ढोलकी आणि सनई जमली. ती पेनड्राइव्हमध्ये घालून स्वारी विचुंब्याला केतनकडे गेली. केतन म्हणजे समृद्धीच्या हळदीला जो डीजे ठरवलाय तो. डोळ्यांवर गॉगल, घरातसुद्धा. त्याने पेनड्राइव्ह लावला — शांतता. पुन्हा लावला — शांतता. हे गाणं न्यायच्या ऐवजी त्या सॉफ्टवेअरची कच्ची फाइल घेऊन गेले होते. ती दुसऱ्या कुठल्याच मशीनवर वाजत नाही. म्हणजे जेवायला बोलावलं आणि पानात कच्चे तांदूळ वाढले!

केतन म्हणाला म्हणे, "काका, गानं आत हाय, बाहेर काडायचा ऱ्हायला." सगळी पोरं हसली. हे सांगताना ह्यांनाही हसू आलं, पण जरा उशिराने.

शेवटी मीच खुर्चीत बसले. सरकारने आम्हा मास्तरांना जबरदस्तीने कॉम्प्युटरचा कोर्स करायला लावला होता ना, त्याचा आज प्रथमच उपयोग झाला. मेनू उघडला, शोधलं, गाणं बाहेर काढलं. हे म्हणाले, "मी तेच करनार व्हतो." हो, हो!

८ मार्च

होळी झाली. नाक्यावर पोरांनी शुभेच्छांचा बॅनर लावलाय. आमदार, नगरसेवक, सरपंच, आणि खालच्या ओळीत तिसरा फोटो — गॉगल घातलेले 'संगीतकार बळीरामशेठ पाटील'! अजून एक गाणं धड वाजलेलं नाही. गॉगल केतनचा.

शाळेत जोशीबाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर म्युझिक डिरेक्टर आहेत? बोलला नाहीत कधी!" मी म्हटलं, मलाही बॅनरवरूनच कळलं.

२३ मार्च, गुढीपाडवा

आज रेकॉर्डिंगचा मुहूर्त.

गोऱ्या गुरूने सांगितलंय की खोली घुमता कामा नये. म्हणून बेडरूमच्या कोपऱ्यात दोऱ्या बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या. पंखा बंद. मार्च महिना, पनवेलचा उकाडा, आणि मी गोधड्यांच्या आत उभी! घामाने साडी अंगाला चिकटलेली. समोर माइक, त्याला माझाच जुना पायमोजा घातलेला. कारण विचारायचं नाही, गुरूने सांगितलंय.

मी म्हटलं, मी नाही म्हणणार. आईचा दंडक होता — मांडव नाही, आंब्याच्या डहाळीचा टाळा नाही, तिथे धवला उच्चारायचा नाही. उगाच कुठेही म्हणायला ते काय जाहिरातीचं गाणं आहे?

माझं बोलणं पुरतं कळायला ह्यांना दोनदा सांगावं लागलं. मग बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. परत आले ते हातात आंब्याचा टाळा घेऊन. आमच्या गुढीचा! गुढी उतरायची वेळसुद्धा झाली नव्हती. टाळा गोधडीला सेफ्टी पिनने लावला, खाली तांदळाचे चार दाणे टाकले आणि म्हणाले, "झाला मांडव. बोल आता."

हसावं की काय करावं! पण म्हटला.

"आंब्याचे टाल्यान मांडव सजला, बाय माजी हलदीला बसं..."

सुरुवातीला आवाज फुटेना. मग आला. बाहेर समृद्धी उभी होती, तिचे डोळे भरलेले दिसले. माझेही. घाम म्हणून पुसले.

२५ मार्च

हेडफोन लावून म्हणायचं असतं. पण मी म्हणते आत्ता आणि कानात माझाच आवाज येतो मागाहून. पहिल्या ओळीला दुसरी ओळ आडवी! स्वतःशीच भांडण झाल्यासारखं. मी थांबले की माझाच आवाज पुढे चालू. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या घरात माझं बोलणं कुणीतरी पुन्हा ऐकवलं ते आजच.

ते दुरुस्त झालं, तर ह्यांचं सुरू. "जोरान म्हन गो. तुजा आवाज येत नाय." म्हटलं जोरात. "आजून जोरान." आणखी जोरात म्हटलं. शेजारच्या वसुंधरावहिनी धावत आल्या, काय झालं म्हणून! आणि हे आत हेडफोन दाबून म्हणतात, येत नाय.

माझा आवाज सोडून जगातलं सगळं येतं. ढोलकी येते. रस्त्यावरून ट्रेलर गेला तर तो येतो. काळूराम तर गल्लीच्या टोकावरून खोकला तरी येतो!

७ एप्रिल

शाळेत पेपरांचे गठ्ठे, घरी मिक्सिंग.

मिक्सिंग म्हणजे पडद्यावर उभ्या दांड्यांची रांग असते. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उजवीकडच्या वर केल्या की आवाज धारदार होतो. त्याला ट्रेबल म्हणतात. आमच्या संगीतकारांना हा शोध लागला आणि माझ्या घराची शांती संपली. एक दांडी वर. ऐकलं. दुसरी वर. ऐकलं. "आता जरा खुलतं." तिसरी वर!

खुलतंय काय, माझा आवाज आता पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. धवल्यात 'स' आला की दात शिवशिवतात. वसुंधरावहिनींचा कुत्रा, जो चोर आला तरी उठत नाही, तो उठून भिंतीकडे बघून रडतो.

मी सांगितलं — कर्कश वाटतंय. समृद्धीने सांगितलं — बाबा, ट्रेबल कमी करा ना. हे हसले. "तुमाला नाय कलनार. शब्द आयकाला आला पायजे. धवल्याचा एक-एक शब्द आयकाला आला पायजे."

गाढवापुढे गीता वाचतेय मी. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायला उठत नाहीत, आणि हे आम्हाला ऐकायला शिकवणार!

१९ एप्रिल

समृद्धी म्हणाली, "आई, राहू दे. बाबांचं मन मोडू नको. मोठ्या स्पीकरवर वेगळं वाटेल कदाचित."

पोरगी चालली सासरी, आणि समजूत माझीच घालते. बरं, म्हटलं. मनात मात्र धाकधूक. माझं काय, मी म्हातारी मास्तरीण, मला हसले तर हसले. पण चाल आईची आहे. ती एकदाच वाजणार.

५ मे, शनिवार — हळद

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

संध्याकाळी मांडव भरलेला. आमच्या जावयाच्या, प्रितेशच्या घरचे उरणहून उष्टी हळद घेऊन आलेले — मावश्या, आत्या, वहिन्या, सगळ्या गजऱ्यांनी लगडलेल्या. समृद्धी पाटावर बसली. पिवळ्या साडीत काय दिसत होती माझी बाय! ह्यांनी केतनला खूण केली. केतनने माइकवर सांगितलं, "आता आयका, आपले संगीतकार बळीरामशेठ आनि मॅडम यांचा पेशल धवला!"

आणि वाजलं.

घरात जे पत्र्यावर खिळ्यासारखं होतं ते डीजेच्या भिंतीतून आलं तेव्हा सगळा मांडव दचकला. पोरांनी कानांत बोटं घातली. एक तान्हं मूल टाहो फोडून रडायला लागलं. आईचा धवला कुठेच नव्हता — नुसती किंचाळी आणि किंचाळीच्या मागे कुठेतरी ढोलकी. प्रितेशची थोरली मावशी मोठ्याने म्हणाली, "कोन गो बाय किकालतं?" आणि बायका हसल्या. त्यांचं काय चुकलं? मीही हसले असते.

सखूबाईने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या आईच्या मागे बसून धवले शिकलेली. तिने पदर तोंडाला लावला.

केतनने दुसऱ्या कडव्याच्या आत गाणं तोडलं आणि नाचाचं लावलं. काय आरोळी उठली! जणू तुरुंगातून सुटले सगळे.

आणि हे? डब्यांच्या अगदी समोर उभे. सगळ्या मांडवात एकटा हा माणूस खूश. डोळ्यांत पाणी. माझ्याजवळ आले आणि म्हणतात, "आयकलास? एक-एक शब्द!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला कान आहेत का? आईची लाज काढलीत, माझी काढलीत, ती बाई काय म्हणाली ऐकलंत का?"

"कोन काय बोलला?" एवढंच विचारलं. मी आत जाऊन बसले.

६ मे

लग्न लागलं. पोरगी गेली. रडू आलं ते कशाकशाचं होतं कोण जाणे. ह्यांच्याशी बोलले नाही.

९ मे, बुधवार

घर रिकामं. समृद्धीची ओढणी अजून दोरीवर. मांडववाल्याने मांडव नेला, गोधड्यांचा तेवढा राहिलाय.

हे बाहेर गेलेत असं बघून कॉम्प्युटर सुरू केला. ती फाइल पुसून टाकायची होती. नाव दिसलं — 'समृद्धी हळद फायनल फायनल ३'. उघडली. उजवीकडच्या सगळ्या दांड्या छताला टेकलेल्या! बघूनच चीड आली. एक खाली ओढली. दुसरी ओढली. पुसायच्या आधी एकदा ऐकावं म्हणून सगळ्या सरळ रेषेत आणल्या आणि लावलं.

आई!

माझा आवाज नव्हताच तो. तिचा होता. जिथे ती श्वास घ्यायची तिथेच श्वास, 'बाय माजी' म्हणताना तिचा स्वर जसा किंचित खाली यायचा तसाच आलेला. माझ्यात कधी येऊन बसली, मला माहीतच नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पुन्हा लावलं. पुन्हा रडले.

मागे हे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. मान तिरकी करून ऐकत होते. मला वाटलं आता माफी मागतील. म्हणाले, "ढोलकी बेस वाजतं. पन तुजा आवाज कं काडून टाकलास?"

मी म्हटलं, वाजतोय ना!

जवळ आले. स्पीकरला कान लावला. दुसरा कान लावला. लहान पोर डब्यात खाऊ शोधतं तसं शोधत होते. "नाय गो," म्हणाले, "मना नाय येत."

त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळीचा कुकर लावला. दारात उभी राहून बघत होते. शिट्टी झाली. हे पडद्याकडे बघत बसलेले. दुसरी झाली. हललेसुद्धा नाहीत. मी मागे जाऊन उभी राहिले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "अहो." काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही.

मग घसा बसवला, आवाज जितका जाड करता येईल तितका केला आणि काळूरामभावजींसारखी हाक मारली — "बल्या, ए बल्या!"

झटकन वळले. "आलू रं!" म्हणाले, आणि दारात काळूरामला शोधायला लागले.

मग हळूहळू माझ्याकडे बघितलं. मी तशीच उभी होते. डाळ करपली.

१४ मे

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट, उजवीकडे सरळ दरीत. यार्डातल्या मशिनींनी केलं. बारीक आवाज आधी जातात म्हणाले — शिट्ट्या, पाखरं, बायकांचं बोलणं. बरीच वर्षं झाली असतील.

रिक्षात मी विचारलं, मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत? तर म्हणतात, "मना वाटला, शालंची बाई हाय, हलूच बोलत आसंल."

हळू! मी! सगळी गल्ली साक्षीला आहे!

कानाचं मशीन पुढच्या महिन्यात येईल. तोवर दम कुठला? टाळा वाळला होता, तरी मी पुन्हा गोधडीला पिनने लावला आणि माइकसमोर धवला म्हटला. दांड्या त्यांना हव्या तितक्या वर करू दिल्या. ते डोळे मिटून ऐकत बसले, अगदी शेवटपर्यंत. मी कानांत कापूस घालून शेजारी बसले.